सापडलेलं पाडस घरी नेऊ नका

तूर-हरभऱ्यात हरणं शिरली की जीव जळतो, पण पाडस दिसलं की तोच जीव पाघळतो. परवा शेजारच्या वस्तीवरची पोरं काळविटाचं पाडस घरी न्यायला निघाली. "अनाथ हाय, दूध पाजून सांभाळतो," म्हणाली. ते अनाथ नव्हतं. मादी पिलाला गवतात दडवून चरायला जाते, पाजायला परत येते. माणसं जवळ उभी असली की ती येत नाही. पाडस होतं तिथंच ठेवायला लावलं, कुत्री बांधली अन् लांब सरकलो. दिवस मावळताना मादी आली.

आता कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा पकडून पाळलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. कुठल्याही कारणानं ताब्यात आला तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवावंच लागतं. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. गुन्हा शाबीत झाला तर ३ ते ७ वर्षं कैद, वर किमान २५ हजार दंड. मोर, चिंकारा, बिबट्याचं पिल्लू, सगळ्यांना हेच लागू.

शिवाय माणसाळलेला नर मोठा झाला की भीत नाही, शिंगं रोखून अंगावर येतो.

पाडस जखमी दिसलं तर वनरक्षकाला किंवा १९२६ वर फोन करा. पीक खाल्लं की भरपाईसाठी आपण कायद्यावर बोट ठेवतो ना? मग पाडसाच्या बाबतीतही तो पाळू.