हवा किती मारायची?

तिवशात आमच्या घराला हवावाल्यांचं घर म्हणतात. आडनाव फार थोड्यांना ठाऊक आहे. अब्बांनी अमरावती-नागपूर रस्त्याच्या कडेला कंप्रेसर मांडला तेव्हा तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता, आता तो ५३ झाला आहे. आम्ही तिघे भाऊ त्या कंप्रेसरच्या फटफटीत वाढलो. पुढे एक मास्तर झाला, एक दुकानावर राहिला, एक अमरावतीला नोकरीला लागला. पण हवेच्या बाबतीत आमचं तिघांचं मत एकच आहे, म्हणून इथे 'आम्ही' म्हणूनच लिहितो.

दुकानात दिवसभर एकच प्रश्न असतो: किती मारू? मोटारसायकलवाला आकडा सांगतो, कारवाला दरवाजाजवळचं स्टिकर दाखवतो. ट्रॉलीवाला मात्र म्हणतो, "मारा चाचा, भरपूर मारा. अमरावतीले जाचं हाये." आता भरपूर म्हणजे किती? ट्रॅक्टरच्या मागच्या थोराड चाकाला पंधरा-वीस पौंड पुरतात. पुढच्या लहान चाकाला त्याहून जास्त लागते. आणि मागे जोडलेल्या ट्रॉलीचं चाक दिसायला बापुडवाणं, पण त्याला टायर किती प्लायचा आहे त्याप्रमाणे पन्नासपासून शंभर पौंडांपर्यंत हवा लागते. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं. मोठ्या टायरच्या पोटात हवाच पुष्कळ मावते, म्हणून ती कमी दाबावर ओझं पेलते. लहान टायरला तेच काम दाबाने करावं लागतं. अब्बांना भौतिकशास्त्र शिकवायला कोणी आलं नव्हतं, पण हे ते आम्हाला बोटाने टायर दाबून शिकवत.

काही ट्रॉल्यांच्या टायरांवर ए.डी.व्ही. अशी अक्षरं असतात. आम्हाला लहानपणी ते कंपनीचं नाव वाटे. त्याचा अर्थ जनावरांनी ओढायचं वाहन. म्हणजे टायर मुळात बैलगाडीचा. हवेचा टायर डनलॉपने १८८८ साली बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केला, त्याच नावाचा कारखाना १९३६ साली बंगालात साहागंजला निघाला आणि पुढे आपल्याकडे रबरी चाकाच्या गाडीलाच डनलॉप म्हणू लागले. बैल ताशी चार किलोमीटर चालतो. त्याच जातीचा टायर आज ट्रॅक्टरमागे पंचवीस-तीसने पळतो, वर टनांनी माल. टायरवर ओझं आणि वेग दोन्ही लिहिलेलं असतं, पण त्या बारीक अक्षरांवर चिखल बसलेला असतो. तो पुसून वाचणं हे आमचं पहिलं काम.

ओझ्याच्या बाबतीत डोळा फार फसवतो. कापसाची ट्रॉली आभाळाला टेकल्यासारखी दिसते, रस्ता अडवते, मागचे लोक हॉर्न वाजवून दमतात. तिचं वजन मात्र दिसतं तेवढं नसतं. रेतीची ट्रॉली काठापर्यंतही भरलेली नसते आणि तीच जीव घेते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तेवढ्या रेतीचं वजन साडेचार टनांच्या आसपास जातं, ओली असेल तर आणखी. म्हणून अब्बा आधी विचारत, माल कोणता? मग हवा. दोन चाकांच्या ट्रॉलीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. माल मागे सरकवून भरला तर ट्रॉलीचा दांडा वर उचलतो आणि ट्रॅक्टरची मागची पकड जाते. तिथे हवा काय करणार?

वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला भिडतो. तेव्हा एक समजूत हमखास ऐकू येते: उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो. प्रकार नेमका उलटा आहे. दहा अंश तापमान वाढलं तर दाब तीन-चार टक्क्यांनी वाढतो, आणि तेवढं सोसायला टायर बनलेला असतो. कमी हवेचा टायर मात्र प्रत्येक फेऱ्याला बाजूने दुमडतो, दुमडून तापतो आणि आतला धागा सुटत जातो. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. चालून आलेल्या गरम टायरची हवा काढली तर तो थंड झाल्यावर उपाशीच राहणार. रिकाम्या ट्रॉलीला पूर्ण दाब दिला तर ती उसळते आणि टायरचा मधला पट्टा झिजतो, हेही खरं. पण जी ट्रॉली तासाभराने भरणार आहे तिला भरल्या मालाचाच हिशेब लावावा लागतो. दोन्ही बाजूंना सारखाच.

टायरच्या माथी सगळं मारायची सवयही आहे. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस जळून २५ माणसं गेली, तेव्हा सुरुवातीला टायर फुटल्याचंच सांगितलं गेलं. परिवहन विभागाच्या तपासणीत तसा पुरावा सापडला नाही. त्या दिवशी दुकानावर अब्बा कोणाशी फार बोलले नाहीत.

भीती आम्हालाही आहे, आणि ती रस्त्यावरची नाही. जुन्या चाकांना लोखंडी लॉक रिंग असते. ती नीट बसली नसेल तर हवा भरताना तोफगोळ्यासारखी उडते. या धंद्यात त्याने माणसं मेली आहेत. अब्बा चाकाला साखळी गुंडाळत, बाजूला उभे राहत आणि आम्हा पोरांना समोर फिरकू देत नसत. व्हॉल्व्ह गळतो का हे पाहायला सगळे बोटावर थुंकी घेतात. रमजानात अब्बांच्या शेजारी पाण्याची वाटी असे. गिऱ्हाइकांनाही वाटीवरून रोजे सुरू झाल्याचं कळे.

अडचण होते ती हंगामात. एकदा एक मालक ट्रॉली घेऊन आला. खाली सोयाबीनची पोती, वर कामाला निघालेल्या दहा-बारा बाया, मांडीवर डबे. म्हणाला, "चाचा, पाच-दहा पौंड वर मारा, म्हंजे टेंशन नाही." टायरच्या बाजूला चीर होती, आतला धागा दिसत होता. अब्बांनी नळी गुंडाळून ठेवली. "बायांना उतरव, पोती कमी कर, मग बोल." तो चिडला, दुसरीकडे गेला. पुढे त्याचं काय झालं, हे सांगण्यासारखं काही नाही. बहुधा नीटच पोचला असेल. पण तो पुन्हा आमच्याकडे आला नाही, आणि त्याच्यासोबत त्याच्या गावची चार गिऱ्हाइकंही गेली. त्या महिन्यात घरात त्यावरून वाद झाला. अम्मी म्हणाली, बायांमध्ये आपली कोणी असती तर?

आता आमचा पुतण्या कॉलेजात आहे. मोबाइलवर 'पंक्चरवाले' हा शब्द कोणासाठी आणि कशासाठी वापरतात ते त्याने एका संध्याकाळी अब्बांना दाखवलं. अब्बांनी चष्मा लावून वाचलं. "पंक्चर तो हम बनाते ही हैं. इसमें गाली कौनसी है?" पोरगा काही बोलला नाही. त्यानंतर चार महिने तो दुकानाच्या रस्त्याने गेला नाही. कॉलेजची बस धरायला मागच्या गल्लीतून जाई. आम्ही त्याला समजावलं नाही. आम्हालाही ती शिवी लागली होतीच, अब्बांइतकं मोकळं आम्हाला होता आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत, कापूस सुरू झाल्यावर, दुकानावर माणूस कमी पडला म्हणून तो आला. त्याने सगळ्यात आधी जुना काटा नव्या काट्याशी ताडून पाहिला. जुना सात पौंड जास्त दाखवत होता. मग ऑइल पेंटने भिंतीवर मराठीत लिहिलं: ट्रॉलीत काय भरणार ते आधी सांगा. खाली टायरचे माप आणि प्लायप्रमाणे आकडे. अब्बांनी ते वाचून एकच दुरुस्ती सांगितली, 'सांगा'च्या आधी 'खरं' लिही.