कानात वाजतंय गोंदिया

पुण्याहून गोंदियाला जायचे दोन मार्ग आहेत. पहिला शहाण्यांचा. विमानाने नागपूर गाठायचं आणि पुढे ट्रेनने दोन-अडीच तासांत पोहोचायचं. दुसरा मार्ग म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेस. कोल्हापूरहून निघून राज्याची हद्द न ओलांडता तेराशेहून जास्त किलोमीटर धावणारी ही गाडी म्हणजे पेशन्सची फायनल एक्झाम! मी मुद्दाम दुसरा मार्ग घेतला. फोनमध्ये अकरा तासांचे पॉडकास्ट डाऊनलोड करून ठेवले होते आणि पुण्यात ते ऐकायला वेळ मिळत नव्हता. ऑफिसला जाताना चाळीस मिनिटं, जिममध्ये अर्धा तास. आपलं ऐकणं असं तुकड्यातुकड्यांचं. सलग ऐकायचं तर मनमाड, भुसावळ, अकोला, नागपूर असं अख्खं राज्य आडवं कापायला हवं.

खरा फंडा वेगळाच होता. पॉडकास्टचं फॅड मोठ्या शहरांतच आहे की शेवटच्या स्टेशनपर्यंत पोहोचलंय, हे मला बघायचं होतं. आणि या गाडीचं शेवटचं स्टेशन गोंदिया.

नागपूरला डबा बदलला. म्हणजे डबा तोच, माणसं बदलली. अपडाऊन करणारी पोरंपोरी चढली. कुणी कॉलेजची, कुणी क्लासची, कुणी बुटीबोरीत नोकरी करून सुट्टीला घरी निघालेली. समोरच्या सहा जणांपैकी पाच जणांच्या कानात काहीतरी होतंच. गाणी असतील म्हणून विचारलं, तर दोघांच्याच कानात गाणी. एक मुलगी चालू घडामोडी ऐकत होती, पोलीस भरतीसाठी. एकजण हिंदीतली भुताची गोष्ट ऐकत होता, आणि पाचवी एका मराठी उद्योजकाची मुलाखत. सव्वा तासाची!

"पॉडकास्ट ऐकतेस?" मी विचारलं.

"नाही ताई, यूट्यूब ऐकून राहिली."

बघून नाही, ऐकून! तिचा फोन मांडीवर पालथा पडलेला होता. व्हिडिओ चालू आणि चित्र कुणीच बघत नव्हतं. शहरात आपण ॲपवरून भांडतो, स्पॉटिफाय की ॲपल, ऑडिओ की व्हिडिओ. इथे तो प्रश्नच नाही. बोलणारं काहीतरी हवं आणि हात मोकळे हवेत, बस्स.

थोडं मागे जाऊ. 'पॉडकास्ट' हा शब्द छापून आला तो २००४ च्या फेब्रुवारीत, ब्रिटनच्या 'द गार्डियन'मध्ये. बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने आयपॉडमधला पॉड आणि ब्रॉडकास्टमधला कास्ट जोडून तो सहज सुचवला होता. २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले आणि त्याच वर्षी न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने तो वर्षाचा शब्द ठरवला. आपल्याकडे तेव्हा आयपॉड कितीजणांकडे होता? माझ्याकडे तर नव्हताच. खरी चावी फिरली २०१६ च्या सप्टेंबरमध्ये, जिओ आलं तेव्हा. डेटा स्वस्त झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत स्टोरीटेल, कुकू एफएम, स्पॉटिफाय अशी दुकानं ओळीने उघडली. आज 'अमुक तमुक', 'व्हायफळ' ही नावं पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही कॅफेत ऐकू येतात. गमतीची गोष्ट अशी, की ज्या आयपॉडवरून हे नाव पडलं ते ॲपलने २०२२ मध्ये बंद केलं आणि गूगलचं पॉडकास्ट ॲप २०२४ मध्ये गेलं. नाव मात्र राहिलं.

गोंदिया हे मोठं जंक्शन. मुंबई-हावडा मेन लाइन, उत्तरेला बालाघाट-जबलपूर, दक्षिणेला वडसा-बल्लारशा. जिल्हा तसा तरुण, १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. त्यामुळे बाजारात फिरताना कान सॉलिड कन्फ्यूज होतात. दुकानदार हिंदीत भाव सांगतो, गिऱ्हाईक मराठीत घासाघीस करतं, आणि दोघांचं शेजारी काय बोलतात ते पोवारी. तांदळाच्या गिरण्या, तेंदूपत्ता, बिड्या ही शहराची जुनी ओळख. मोबाइलच्या दुकानांना तोटा नाही.

अशाच एका दुकानात मी हेडफोनची पिन बदलायला गेले आणि तासभर अडकले. दुकानातल्या दादांचा पूर्वीचा धंदा मेमरी कार्ड भरून देण्याचा. आठवतंय ना? दहा-वीस रुपये द्यायचे, कार्ड द्यायचं, ते कॉम्प्युटरला लावून गाणी भरून देणार. शहरात आपण हे विसरून गेलो. पण दादा सांगत होते की त्यांच्याकडे लोक नुसती गाणी भरायला येत नसत. कीर्तन भरून न्यायचे, कव्वाली न्यायचे, दंडार आणि खडीगंमत न्यायचे. कुणीतरी गावच्या कार्यक्रमात फोनवर रेकॉर्ड केलेलं असायचं, तेच कार्डावरून कार्डावर फिरायचं.

"रात्री धान राखाले जाते माणूस. सोबत पाहिजे ना बोलणारं कोणी," दादा म्हणाले.

आता सांगा, हे पॉडकास्ट नाही तर काय आहे? रेकॉर्ड केलेलं बोलणं, आपल्या सवडीने, आपल्या खिशातून ऐकायचं. डाऊनलोडसकट! फक्त त्याला कुणी कूल नाव दिलं नव्हतं.

निघताना दादांनी विचारलं, पुढे कुठे? म्हटलं नवेगावबांध. "मग ताई, इथूनच भरून घ्या. तिकडे रेंज भेटनार नाही."

रेंज खरंच 'भेटली' नाही. अर्जुनी-मोरगावच्या बाजूला रस्ता जंगलात शिरला की फोनवरच्या काड्या एकेक करून गळतात. जुलैचा महिना, रोवणीचे दिवस. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या बांध्या आणि त्यात ओळीने वाकलेल्या बायका. एका धुऱ्यावर छत्रीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन ठेवलेला होता. फुल व्हॉल्यूम. मला वाटलं भक्तिगीत असेल. नीट ऐकलं तर झाडीपट्टीचं नाटक! दिवाळीनंतर या भागात मंडया भरतात, रात्र-रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्याचं केंद्र. सीझन संपला की नाटक थांबतं, पण रेकॉर्डिंग रोवणीपर्यंत पुरतं. बायका मधेच संवाद पुढून म्हणत होत्या, म्हणजे पाठच झालेलं. रोवणी करताना गाणी म्हणायची जुनी पद्धत. आता नाटक असतं, एवढाच फरक, असं एक काकू म्हणाल्या. दुसरी लगेच म्हणाली, "फरक हाये ना. आता आमी चूप राहतो."

ते वाक्य मला चावलं. आपण ऐकतोय हे छान, पण गात कोण नाही हेही त्यातच आलं. तिथे मला काही भारी उत्तर सुचलं नाही.

नवेगावबांधचं नाव निघालं की मारुती चितमपल्लींचं नाव निघणारच. वनाधिकारी म्हणून ते इथे राहिले, इथल्या माणसांकडून पाखरांची आणि झाडांची नावं टिपली, आणि त्या बोलीतले कितीतरी शब्द मराठीत आणले. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांची पद्धत म्हणजे एका अर्थी ऐकण्याचीच. जंगलात जायचं, गप्प राहायचं, माहीतगार माणूस बोलेल ते लक्षात ठेवायचं. तलावाच्या काठावर उभी असताना मी इअरफोन काढून खिशात टाकले. काढावेच लागले. कानात स्टार्टअप फाउंडरची मुलाखत आणि समोर हे पाणी, हे कॉम्बिनेशन जमतच नव्हतं.

हा तलाव जुना, माणसांनी बांधलेला. कोहळी समाज तलाव बांधण्यात तरबेज. भंडारा-गोंदियात असे शेकडो मामा तलाव आहेत. मामा म्हणजे कुणाचा मामा नाही, माजी मालगुजारी! याच तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधाराने सारस राहतो. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदियातच उरलाय. जोडीने ओरडतो, नर-मादी मिळून, आणि तो आवाज लांबवर जातो. मला तो दिसला नाही आणि ऐकूही आला नाही. गावातल्या एका पोराने आपल्या फोनमधलं रेकॉर्डिंग ऐकवलं. चौदा सेकंदांचं. मागे ट्रॅक्टरचा आवाज. तरी अंगावर काटा आला.

आमगावला भेटलेली मुलगी मात्र या सगळ्या ट्रिपचा हायलाइट. वय वीस, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. घरी पोवारी बोलतात. आजीकडे गोष्टींचा साठा आहे आणि आजी ऐंशीच्या पुढची. हिने फोनवर, पांघरुणात तोंड घालून (घरगुती साउंडप्रूफिंग!) आजीच्या अकरा गोष्टी रेकॉर्ड केल्यात. दोन यूट्यूबवर टाकल्या. एक हिंदीत, स्वतः सांगितलेली. एक पोवारीत, आजीच्या आवाजात. हिंदीवाली चार हजारांवर गेली. पोवारीवाली दोनशेवर अडकली.

आता घरात दोन पार्ट्या आहेत. भाऊ म्हणतो, सगळ्या हिंदीत कर, पैसे येतील. वडील म्हणतात, पोवारीत बोललीस तर लोक गावंढळ म्हणतील. आई काही म्हणत नाही. आजीला यातलं काहीच माहीत नाही. तिला वाटतं नात रोज गोष्ट ऐकायला येते.

"मॅडम, तुम्ही मीडियात आहात. काय करू?"

मी म्हटलं, आजीच्या आवाजातलं आधी सगळं रेकॉर्ड करून ठेव. कुठल्या भाषेत टाकायचं ते नंतरही ठरवता येईल. आजी नंतर मिळणार नाही. पण तिचा प्रश्न त्याने सुटत नाही हे मलाही कळत होतं. २०११ च्या जनगणनेत पोवारी ही मातृभाषा सांगणारे सव्वातीन लाखांच्या आसपास होते आणि त्यांची मोजणी झाली ती हिंदीच्या खात्यात. पोवारी ज्याला येते त्याला हिंदी येतेच, मराठीही येते. त्याला ऐकायला तीन दुकानं उघडी. मग तो पोवारीच्या दुकानात कशाला जाईल? मला विचाराल तर जाईल, पण आजीच्या आवाजासाठी, भाषेसाठी नाही. म्हणूनच हिंदी गोष्ट चार हजारांवर गेली तरी पोवारीतल्या दोनशेंना मी कमी मानायला तयार नाही. त्या दोनशेंत पुण्यातले, रायपूरचे, सुरतेला कामाला गेलेले किती असतील? कॉमेंटमध्ये एकाने फक्त एवढंच लिहिलंय की आपली आजी आठवली.

गोंडीचं प्रकरण याहून मोठं. २०११ मध्ये जवळपास तीस लाख लोकांनी गोंडी मातृभाषा सांगितली, पण ते सहा-सात राज्यांत विखुरलेले. इकडची गोंडी तेलंगणात पूर्ण कळेलच असं नाही. शेजारच्या बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तिच्यासाठी लिपी तयार केली. युनिकोडमध्ये ती यायला २०१७ उजाडलं. म्हणजे फोनवर लिहायची सोय व्हायला ९९ वर्षं! बोलायला मात्र लिपी लागत नाही, आणि इथेच ऑडिओ बाजी मारतो. बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये 'सीजीनेट स्वरा' सुरू केलं. साध्या फोनवरून नंबर लावायचा, आपली बातमी किंवा तक्रार बोलून ठेवायची, दुसऱ्यांची ऐकायची. गोंडीतसुद्धा. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, वाचता येण्याची गरज नाही. रेशन, हातपंप, थकलेली मजुरी असले विषय. आपल्याकडे पॉडकास्ट म्हणजे निवांत गप्पा. तिकडे आवाज रेकॉर्ड केला तर हातपंप दुरुस्त होऊ शकतो.

आणि रेडिओ? केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये २३४ नव्या शहरांत ७३० खाजगी एफएम चॅनल्सना मंजुरी दिली, त्या यादीत गोंदियाचंही नाव आहे. ट्रेनमधल्या पोलीस भरतीवालीला हे सांगितल्यावर ती हसली. "एफएम? माझ्या फोनमध्ये ते बटनच नाही."

जाणार असाल तर: नागझिरा आणि नवेगावचं जंगल पावसाळ्यात सफारीला बंद असतं, त्यामुळे ऑक्टोबरनंतर जा. पावसाळ्यातच जायचं तर सालेकसा तालुक्यातला हाजरा फॉल बघा, पण रविवार टाळा. ब्लूटूथ स्पीकर घेऊन आलेले ग्रुप धबधब्यालाही हरवतात. नाटक बघायचं असेल तर दिवाळीनंतरच्या मंडईचा मुहूर्त साधा, रात्र जागायची तयारी ठेवा आणि शाल विसरू नका. दरेकसाजवळ कचारगडच्या गुहांपाशी माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, चार-पाच राज्यांतून माणसं येतात. तिथे किती तऱ्हांची गोंडी ऐकू येते ते एकदा अनुभवाच. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. आणि हो, फोन गोंदियातच भरून घ्या.