परळीचें स्थानक आणि प्रतीक्षायादी

बीड जिल्ह्याच्या पूर्वेस, बालाघाटाच्या डोंगररांगेंत, परळी वैजनाथ हें क्षेत्र वसलेलें आहे. महाराष्ट्रांतील परंपरेप्रमाणें त्याची गणना द्वादश ज्योतिर्लिंगांत होते. जवळच अंबाजोगाई आहे. तेथील योगेश्वरी ही कोंकणस्थांच्या अनेक घराण्यांची कुलस्वामिनी असल्यामुळें पुण्या-मुंबईकडील पुष्कळ कुटुंबें कुलधर्मासाठीं इकडे येतात. अंबाजोगाई शहरास रेल्वे नाहीं; म्हणून आगगाडीनें येणारी मंडळी बहुधा परळीसच उतरतात. खुद्द बीड शहरास पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजीं लाभली. परळीस मात्र निजामाच्या राजवटीपासून आगगाडीची ओळख आहे.

अहिल्याबाई होळकरांनीं जीर्णोद्धार केलेल्या वैजनाथाच्या मंदिरांत शिवरात्रीस मोठी रांग लागते. ती कितीही लांब असली तरी आपल्यापुढें कोण व किती आहेत, हें डोळ्यांस दिसतें. त्यामुळें ताटकळण्याचा शीण होतो, पण मनांत संशय उरत नाहीं. दर्शन आटोपून यात्रेकरू स्थानकावर येतो, तेव्हां तो दुसऱ्या रांगेंत उभा राहतो. ही रांग अदृश्य असते. तिचें नांव प्रतीक्षायादी.

या यादींतला आकडा सरळ दिसतो, पण सरळ नसतो. गाडीच्या आरंभस्थानापासून लांब पल्ल्याला जाणाऱ्यांची सामान्य यादी निराळी आणि मधल्या स्थानकांच्या सामायिक कोट्याची निराळी. सामान्य यादींतील विसाव्यास जागा मिळावी आणि सामायिक यादींतील पांचव्यानें मागें राहावें, असें घडूं शकतें. यांत लबाडी नाहीं. परंतु तिकिटावरील इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ ज्यास कोणी सांगितला नाहीं, त्या वृद्ध दांपत्यास ती लबाडीच भासते. शिवाय कांहीं जागा खासदार, मंत्री, अधिकारी व खरोखरीचे अडलेले प्रवासी यांच्यासाठीं राखून तक्त्यापूर्वीं वांटल्या जातात. रुग्णासाठीं जागा राखणें योग्यच. पण त्या वांटपांत काय घडलें, हें प्रतीक्षेंतील माणसास त्याच्या तिकिटावर दिसत नाहीं.

याहून नवलाची गोष्ट वरच्या वर्गाची. वरच्या वर्गांत जागा रिकामी राहिल्यास पूर्ण भाडें देणाऱ्या प्रवाशास अधिक दाम न घेतां तेथें बसवावें, अशी योजना रेल्वेनें २००६ सालीं सुरू केली. त्यामुळें खालीं मोकळी झालेली जागा प्रतीक्षेंतील दुसऱ्यास मिळते. योजना उत्तम आहे. पण आपलीच निवड कां झाली किंवा कां झाली नाहीं, हें प्रवाशास कळत नाहीं. त्याच्या दृष्टीनें हा काकतालीय न्यायच होय.

विमानांतही हाच प्रश्न आहे. वारंवार प्रवास करणाऱ्या गिऱ्हाइकांस वरच्या वर्गाची आशा दाखविली जाते. अमेरिकेंतील कांहीं कंपन्या ही यादी दारापाशीं पडद्यावर लावतात. तींत आडनांवाचीं पहिलीं कांहीं अक्षरें तेवढीं असतात. पूर्ण नांव चव्हाट्यावर न आणतांही रांग दाखवितां येते, याचा हा चांगला दाखला. आपल्या रेल्वेनेंही २०१९ पासून तक्ता झाल्यावर रिकाम्या जागा संकेतस्थळावर दाखविण्यास आरंभ केला, हें श्रेय तिला दिलेंच पाहिजे.

तरी नुसता आकडा उघड करणें म्हणजे पारदर्शकता नव्हे. आकडा कोणत्या यादीचा आहे, ती कोणत्या क्रमानें पुढें सरकते आणि त्या क्रमाला किती अपवाद झाले, हें तिकिटावर शुद्ध मराठींत छापलें पाहिजे. जागा थोड्या आणि माणसें फार, ही अडचण कोणासही एका दिवसांत दूर करतां येणार नाहीं. परंतु लेंकीच्या बाळंतपणासाठीं निघालेल्या आईनें आज रात्रीं फलाटावर थांबावें कीं एस. टी. धरावी, एवढें तिला वेळेवर ठरवितां आलें, तरी त्या छापील ओळीचें सार्थक होईल.