सपाट तारा

स्वतःसाठी वस्तू निवडणे सोपे असते. चप्पल चावली तर पाय आपलाच असतो. पण मुलीसाठी काही निवडायचे म्हटले की माणसाची खरी परीक्षा सुरू होते. वस्तूच्या आडून आपण तिने कसे व्हावे, हेही निवडू लागतो. साडीच्या दुकानात हे घडते, कॉलेजचे विषय ठरवताना घडते. आमच्या घरी ते चार तारांवरून घडले.

माझी मुलगी बास गिटार वाजवते. हे वाक्य उच्चारले की नातेवाईक विचारतात, “म्हणजे गिटारच ना?” गिटारच, पण तारा सहाऐवजी चार, त्याही चांगल्या जाड, आणि सूर नेहमीच्या गिटारीपेक्षा एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा कंप पावते. त्यात मुलीची गिटार आखूड, ‘शॉर्ट स्केल’ म्हणतात तशी. वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत तिची तार ३० इंच भरते. नेहमीच्या बासची ३४ इंच. मुलीचा पंजा तिच्या आईसारखा लहान, म्हणून हे वाद्य. मात्र त्याला ‘लहान मुलांची गिटार’ म्हणण्याची घरात बंदी आहे. पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर बासही असाच आखूड होता, हे मला अनेकदा ऐकवण्यात आले आहे!

तर, जुन्या तारा बदलायच्या होत्या. ठाण्याहून आम्ही दोघे धोबी तलावाच्या एका दुकानात गेलो. तिथे मला कळले की या तारांची दोन मुख्य कुळे आहेत. दोन्हींच्या पोटात पोलादी तार असते आणि तिच्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. ‘राउंडवाउंड’मध्ये ही वरची तार गोल असते, त्यामुळे बोटाला कानशीसारखी खरखर लागते, आवाज लख्ख, झणझणीत, आणि बोट सरकले की करकरणारा. ‘फ्लॅटवाउंड’मध्ये चपटी पट्टी गुंडाळतात. तिच्यावरून बोट रिबिनीवरून फिरावे तसे फिरते. आवाज पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडासारखा: गोल, खोल, आणि आपले काम झाले की लगेच बाजूला होणारा.

दुकानदाराने दोन्ही वाजवून दाखवल्या. मला पहिली आवडली. ती ऐकू येत होती. आपली मुलगी रंगमंचावर उभी असताना ती ऐकू यावी, एवढी इच्छा बापाला असू नये काय?

“बाबा, मी ऐकू यायला नकोय,” ती म्हणाली. “गाणं उभं राहायला हवं.”

परतीच्या गाडीत तिने मला जेम्स जेमर्सनची गोष्ट सांगितली. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत याचाच बास. तारा सपाट, आणि तुटेपर्यंत त्या बदलायच्या नाहीत, असा त्याचा खाक्या. पण त्या तबकड्यांवर वादकांची नावे छापण्याची पद्धत नव्हती. १९७१ साली ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर त्याचे नाव आले, तोवर त्याची उमेदीची वर्षे निनावीच गेली होती. १९८३ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. मुलीने हे मोठ्या अभिमानाने सांगितले. माझ्या मात्र पोटात कालवले. मैफलीत गवयाच्या मागे तंबोरा धरून बसलेल्या शिष्या मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. सूर त्यांच्यामुळे टिकतो आणि टाळ्या पुढच्याला मिळतात, हेही पाहिले आहे. परक्याच्या मुलीत हा गुण फार शोभून दिसतो.

पण वाजवणार ती होती. पुढच्या शनिवारी आम्ही सपाट तारा घ्यायला पुन्हा गेलो.

त्यातही निवड असतेच. तीच तार त्याच सुराला ३४ इंचांऐवजी ३० इंचांवर लावली, तर ताण सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो. बारीक तार मग लुळी पडते आणि पडद्यांवर आपटते. उलट जेमर्सनची ५२ ते ११० जाडीची, म्हणजे इंचाच्या सहस्रांशात मोजलेली, जोडी घ्यावी तर लहान बोटांचा दम निघतो. आम्ही मधली, ४५ ते १०० ची निवडली. लांबीही केवळ पाकिटावर ‘शॉर्ट स्केल’ लिहिले आहे म्हणून विश्वासाने घेऊ नये. तारेच्या टोकाची गोळी जिथे अडकते तिथपासून वरच्या पट्टीपर्यंत मोजावे. हॉफ्नरसारख्या वाद्यात ती गोळी घोडीच्या बरीच मागे अडकते, म्हणून तार अधिक लांब लागते. आणि जादा तार कापायची ती खुंटीजवळ वाकवून घेतल्यावरच. नाहीतर वरची पट्टी सैल पडते आणि तार मुकी होते. किंमत साध्या तारांच्या दुप्पट-तिप्पट. पण त्या वर्षानुवर्षे टिकतात, आणि जुन्या होतील तशा अधिक मवाळ बोलतात.

यंदा गणपतीत आमच्या सोसायटीच्या मंडपात तिच्या चमूचा कार्यक्रम झाला. संपल्यावर माझ्या मावशी म्हणाल्या, “सगळं छान झालं हो, पण आपल्या पोरीचं काही ऐकूच आलं नाही.”

“मावशी, तुमचा पाय कशावर हलत होता?”

मावशींनी खाली वाकून पायाकडे पाहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

कार्यक्रमपत्रिकेत मुलीचे नाव सर्वांत शेवटी, बारीक अक्षरांत छापले होते. ती पत्रिका मी घडी न घालता जपून ठेवली आहे. मुलीला हे माहीत नाही.