कधी होतं, कधी नाही

"कभू होथे, कभू नइ होय." माझ्या दुकानात येणारं सगळ्यात महागडं वाक्य हेच. गाडी पार बंद पडलेली असली तर मला चिंता नसते. फ्यूज, रिले, वायर, मोटर असं एकेक तपासत गेलं की बिघाड सापडतोच. चिंता असते ती चालू गाडीची. गिऱ्हाईक देवाशपथ सांगतं, रस्त्यात बंद पडली; आणि माझ्यापुढे ती अर्ध्या चावीत सुरू होते.

रायपुरात आमचे संशयित ऋतूप्रमाणे बदलतात. मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकला की सेन्सर आणि रिलेतले कच्चे टाके. पावसाळ्यात कप्लरच्या पिनांवर चढलेला हिरवा थर. सिलतरा-उरल्याकडून येणाऱ्या गाड्यांत अर्थिंगच्या बोल्टखाली कारखान्यांची काळी धूळ. राइस मिलच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर. इतकी वर्षं काम केल्यावर गाडी दारात येण्याआधीच मनात एक नाव तयार असतं, आणि घात होतो तो तिथेच.

गेल्या उन्हाळ्यात चौबे कॉलनीतलं एक मराठी कुटुंब अशीच गाडी घेऊन आलं. एरवी ठणठणीत, पण राजिमला जाताना अभनपूरच्या आसपास चालता चालता बंद पडायची. वीस मिनिटं झाडाखाली थांबलं की सुरू. तोवर फ्यूएल पंपाचा रिले बदलून झाला होता, बॅटरी नवी होती, क्रँक सेन्सरही नवा. उष्णतेनं बंद पडते आणि थंड झाली की चालते, म्हणजे सेन्सर, हे मीही बोललो असतो. स्कॅनर लावला, एकही कोड नाही.

माझे उस्ताद म्हणायचे, "पहले कान, बाद में हाथ." लूज कनेक्शनची गंमत अशी की नुसतं कप्लर काढून परत बसवलं तरी पिना घासल्या जातात, गाडी पंधरा दिवस नीट चालते आणि पुरावा तेवढा नाहीसा होतो. हलवून दुरुस्त झालेली गाडी ही दुरुस्त झालेली गाडी नव्हे. म्हणून मी काहीच उघडलं नाही. दाराच्या पट्टीखालून मागे पंपाकडे जाणाऱ्या वायरवर एक छोटा बल्ब जोडला, तो डॅशबोर्डवर चिकटवला आणि दोन दिवस एकटाच गाडी फिरवत बसलो. टाटीबंध, तेलीबांधा, भर दुपारी एसी लावून. बल्ब जळत राहिला, गाडी चालत राहिली.

शेवटी मुलाला फोन केला. "राजिमला कशी जाता तशीच न्या. जे जातात ते सगळे हवेत." तो म्हणाला, "दादा, आईला कशाला उन्हात?" म्हटलं, आई पाहिजेत.

काकू नेहमीप्रमाणे मागे डावीकडे बसल्या, मांडीवर पिशवी. अभनपूर ओलांडलं, एका खड्ड्यात मागचं चाक दणकलं आणि इंजिन गेलं. माझी नजर बल्बवर होती. इंजिन मेल्यावरही तो क्षणभर जळत होता, मग विझला. त्या क्षणातच सगळं होतं. इंजिन थांबलं की ईसीयू एक-दोन सेकंदांत पंपाचा रिले स्वतःच सोडतो. सप्लाय आधी गेला असता तर बल्ब आधी विझला असता. म्हणजे दाराच्या पट्टीपर्यंत करंट येत होता. बिघाड त्याच्या मागे होता.

मुलगा सवयीनं दार उघडायला लागला. मी ओरडलोच, "कुणी उतरायचं नाही!"

चावी ऑन केली. पंपाची ती दोन सेकंदांची घूंऽऽ मागून यायला हवी होती, आली नाही. "काकू, जरा उठल्यासारखं करा." त्यांनी पुढची सीट धरून अंग उचललं. चावी पुन्हा फिरवली. घूंऽऽ. "आता बसा." चिडीचूप.

मागची सीट काढली. पंपाची वायर कुणीतरी कधीतरी सीटच्या लोखंडी पट्टीखालून गेलेली तशीच ठेवली होती. वरचं प्लॅस्टिक शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. एखाददुसरी तार तेवढी टेकत होती. मल्टीमीटरची बीप तेवढ्यावरही वाजते, कारण त्याला नावापुरताच करंट लागतो. पंप चार-पाच अँपिअर ओढतो. त्यात वरून वजन आणि खड्डा.

उष्णतेचा काही संबंधच नव्हता. गाडी बंद पडली की सगळे सावलीत जाऊन उभे राहायचे, वायरवरचा दाब निघायचा आणि वीस मिनिटांनी गाडी सुरू व्हायची. आम्ही सगळे त्या वीस मिनिटांत इंजिन थंड झालं असं धरून चाललो होतो. उतरलं कोण, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

काकू म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस माझ्यामुळेच बंद पडत होती होय रे?" म्हटलं, "काकू, तुम्ही होतात म्हणून सापडली. माझ्यासाठी ती बंदच पडत नव्हती."

वीतभर नवी वायर, क्रिंप, सोल्डर, वर स्लीव्ह, आणि पट्टीपासून लांब बांधून टाकली. काम अर्ध्या तासाचं.

तो जुना तुकडा मी दुकानात खिळ्याला टांगून ठेवलाय. नवीन पोरगा शिकायला आला की त्याच्या हातात देतो आणि विचारतो, कुठे तुटलीय? तो उजेडात धरतो, फिरवून बघतो, मीटर लावतो. बीप वाजते. "उस्ताद, ये तो बढ़िया है." मग मी म्हणतो, आता डोळे मिट आणि बोटानं दाबत ये.