लघु, गुरु आणि गुडघ्याची वाटी

पीयूसीला बायॉलॉजीच्या तोंडी परीक्षेत सरांनी सांगाड्याच्या खांद्यावर बोट ठेवलं. नाव मला येत होतं. म्हणाले, "स्कपूला." 'पू' चांगला लांबवून. सरांना कळेना. तीनदा विचारलं, तीनदा तेच सांगितलं. शेवटी तेच म्हणाले, "स्कॅप्युला म्हणायचंय का?" मागची पोरं हसली. त्यानंतर वर्गात मी हात वर करणंच सोडलं.

मी भालकी तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. बिदरला आल्यावर हे शब्द आधी डोळ्यांना भेटले, कानांना फार उशिरा. हॉस्टेलमधली मैत्रीण चिंचोळीची, कन्नड माध्यमाची. तिचीही गत तीच. दार लावून आम्ही दोघी हळू आवाजात हाडांची नावं घोकायचो.

इथं पदवीला आल्यावर एका तासाला सरांनी फळ्यावर नियम लिहिला. लॅटिनमधून आलेल्या अशा शब्दांत शेवटून दुसरं अक्षर जड असेल तर जोर त्यावर; हलकं असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. जड म्हणजे दीर्घ स्वराचं, किंवा पुढं दोन व्यंजनं असलेलं. मी वहीत बघत राहिले. अहो, हे तर लघु-गुरु! आठवीनववीत वृत्तं ओळखताना डोक्यावर खुणा करायचो, तेच.

मग खुणा करून पाहिल्या. मॅक्सिल्ला : 'सि'पुढं जोडाक्षर, म्हणून गुरु, जोर तिथंच. अपेंडिक्स : 'पें'वर अनुस्वार, गुरु. स्कॅप्युला : 'प्यु' लघु, म्हणून जोर मागं, 'स्कॅ'वर. माझा 'पू' तिथं फसला होता.

रात्री मैत्रिणीला फोन केला. तिनं लगेच अडवलं, "मग व्हर्टिब्रा? तिथं 'ब्र' आहे की! तरी जोर 'व्हर्'वर कसा?" मी हसले. आपल्या 'तुझ्या'मध्ये जोडाक्षर असूनही 'तु' लघुच राहतो, कारण आघात मागं येत नाही. लॅटिनमध्ये 'ब्र'चंही बहुधा तसंच. डुओडीनमचा 'डी' दीर्घ आहे हे मात्र स्पेलिंगवरून कळत नाही. तिथं डिक्शनरी उघडावीच लागते.

"आणि पटेला?" तिनं विचारलं.

"स्पेलिंगमध्ये दोन एल. 'टे' गुरु. लॅटिनमध्ये अर्थ लहान थाळी."

"म्हणजे आपली गुडघ्याची वाटीच की!"

मग आम्ही दोघींनी तो शब्द मोठ्यानं म्हटला. या वेळी दार उघडंच होतं.