मोजणीबाहेरच्या उड्या

लुईव्हिल विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या इतिहासातील सर्वोत्तम ‘डंकर’ कोण, हा वाद केंटकी राज्यातील त्या शहराला जुना आहे आणि तो कुठून कुठे जाणार हेही बहुधा ठरलेले असते. डंक म्हणजे जमिनीपासून दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर बसवलेल्या लोखंडी कड्याच्याही वर हात नेऊन चेंडू वरून थेट कड्यात घालणे; त्याला गुण इतर कोणत्याही जवळच्या फेकीइतकेच, म्हणजे दोनच, मिळतात, पण प्रेक्षकांच्या लेखी त्याची किंमत गुणफलकावर कधीच मावत नाही. यादीत पहिले नाव डॅरेल ग्रिफिथ यांचे येते आणि त्यावर फारसे कोणी भांडत नाही. भांडण दुसऱ्या क्रमांकापासून सुरू होते आणि मग पोंचो राइट, रॉडनी मॅक्रे, बिली थॉम्पसन, टेरेन्स विल्यम्स, माँट्रेझल हॅरेल, डोनोव्हन मिचेल अशी नावे आपापल्या पिढीच्या खांद्यावर बसून पुढे येतात. ११ मार्च २०२५ रोजी ज्युनियर ब्रिजमन यांचे वयाच्या ७१व्या वर्षी लुईव्हिलमध्येच निधन झाले, तेव्हा या यादीतील एक जुनी पोकळी पुन्हा उघडी पडली, कारण १९७२ ते १९७५ या काळात त्या संघाचा आधारस्तंभ असलेल्या या खेळाडूचे नाव त्या वादात कधीच नसते, आणि ते नसण्याचे कारण त्यांच्या पायांत नसून नियमपुस्तकात आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या क्षेत्रात १९६७च्या वसंत ऋतूत डंक बेकायदा ठरला आणि तो १९७६-७७च्या हंगामापर्यंत बेकायदाच राहिला. बंदी सामन्यात होती, तशीच सामन्यापूर्वीच्या अंग मोकळे करण्याच्या वेळेतही होती. डंक केल्यास गुण रद्द होत आणि वर ‘टेक्निकल फाऊल’, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला मुक्तफेक बहाल करणारा दंड, बसे. खेळाडूंना होणाऱ्या दुखापती आणि कडी-फळ्यांची मोडतोड ही कारणे सांगितली गेली. तरीही लोकांनी या नियमाला ‘अल्सिंडर नियम’ म्हटले, कारण कॅलिफोर्नियातील यूसीएलए या विद्यापीठाच्या ल्यू अल्सिंडर या सात फुटांहून उंच तरुणाने आपल्या पहिल्याच हंगामात संघाला तीसपैकी तीस सामने जिंकून दिले होते आणि त्यानंतर काही दिवसांतच ही बंदी आली. हे तरुण पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगाला माहीत झाले. ज्यांच्याकडून ही कला हिरावली गेली त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय आहेत, हे त्यांनी तेव्हाच उघडपणे बोलून दाखवले होते.

या मताला बळ देणारी एक घटना त्याच्या वर्षभर आधीची आहे. मार्च १९६६मध्ये टेक्सास वेस्टर्न या संघाने पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी अंतिम सामन्याला सुरुवात केली आणि संपूर्ण श्वेतवर्णीय अशा केंटकी विद्यापीठाला ७२-६५ असे हरवले. त्या सामन्याच्या अगदी सुरुवातीला डेव्हिड लॅटिन यांनी मारलेला डंक आजही त्या विजयाची खूण मानला जातो. केंटकी विद्यापीठ लेक्सिंग्टनला, लुईव्हिलपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. एकाच राज्यातील या दोन विद्यापीठांत फरक असा होता की लुईव्हिलने १९६२पासून कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेतले होते, तर लेक्सिंग्टनला त्यासाठी १९६९ उजाडावे लागले. बंदी आली त्याच वसंतात, एप्रिल १९६७मध्ये, लुईव्हिलचेच सुपुत्र मुहम्मद अली यांनी सैन्यभरतीला नकार दिला आणि त्यांचे विश्वविजेतेपद काढून घेण्यात आले. या दोन निर्णयांचा एकमेकांशी काही संबंध होता असे म्हणण्याला आधार नाही. पण त्या शहराच्या पश्चिम भागात वाढणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांनी हे दोन्ही निर्णय एकाच ऋतूत ऐकले, एवढे मात्र खरे आहे.

१९५५च्या सुमारास जन्मलेल्या लुईव्हिलच्या चाहत्याचे आयुष्य या नियमाशी विलक्षण घट्ट जोडलेले आहे. तो बारा वर्षांचा असताना बंदी आली, म्हणजे ज्या वयात मुलगा एखाद्या खेळाडूला आपला म्हणू लागतो नेमक्या त्या वयात. तेव्हा त्या संघात वेस अन्सेल्ड होते, जे शहरातल्याच सेनेका हायस्कूलमधून आले होते आणि पुढे व्यावसायिक खेळातील पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित व सर्वोत्तम खेळाडू असे दोन्ही मान मिळवणार होते. त्यांच्या महाविद्यालयीन कारकिर्दीचे पहिले दोन हंगाम डंकच्या परवानगीचे गेले आणि शेवटचा बंदीचा. बंदीची नऊ वर्षे या मुलाने आपल्या विद्यापीठाचा खेळ पाहिला तो कड्याच्या खालचाच. चेंडू कड्याच्या वर झेलून, हात आवरून, तो अलगद सोडून देण्याची एक वेगळीच कसरत त्या काळात घडली. उत्तर कॅरोलायना स्टेटच्या डेव्हिड थॉम्पसन यांनी तिला सर्वांत उंचीवर नेले. सहकाऱ्याने कड्यापाशी उंच फेकलेला चेंडू हवेतच झेलून तसाच कड्यात उतरवणे याला ‘अ‍ॅली-ऊप’ म्हणतात आणि थॉम्पसन तो चेंडू जणू कड्यावर ठेवून येत. या संयमातही सौंदर्य होते हे मान्य करावे लागते, परंतु लादलेल्या संयमाचे कौतुक करणाऱ्यांनी तो कोणावर लादला गेला होता हेही सोबतच सांगायला हवे.

या पिढीच्या मनातून न जाणारी आठवण मात्र डंकची नाही. ती २९ मार्च १९७५ रोजी सॅन डिएगोत झालेल्या उपांत्य सामन्याची आहे. लुईव्हिलचे प्रशिक्षक डेनी क्रम हे यूसीएलएमध्ये जॉन वुडन यांच्या हाताखाली आधी खेळाडू आणि मग सहायक म्हणून घडलेले, आणि समोर तेच गुरू, तोच संघ. सामना जादा वेळेत गेला. शेवटच्या अर्ध्या मिनिटात लुईव्हिल एका गुणाने पुढे असताना टेरी हॉवर्ड मुक्तफेकीच्या रेषेवर आले. त्या हंगामात त्यांनी घेतलेल्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मुक्तफेकी कड्यात गेल्या होत्या. तेव्हाच्या नियमानुसार पहिली फेक साधली तरच दुसरी मिळे. पहिलीच हुकली. चेंडू यूसीएलएकडे गेला, रिचर्ड वॉशिंग्टन यांनी अखेरच्या क्षणी गुण केले आणि सामना ७५-७४ असा संपला. त्यानंतर लगेच वुडन यांनी पुढचा अंतिम सामना हा आपला शेवटचा असेल असे जाहीर केले, त्यामुळे इतिहासाने तो सामना वुडन यांच्या नावावर लिहिला. लुईव्हिलने तो हॉवर्ड यांच्या नावावर लिहिला. आणि तो ब्रिजमन यांच्या विद्यापीठातील अखेरच्या सामन्यांपैकी एक होता ही गोष्ट दोन्हीकडे मागे पडली.

त्या संघाविषयी वाटणारी हळहळ केवळ एका गुणाची नाही. ब्रिजमन हे सहा फूट पाच इंच उंचीचे, इंडियाना राज्यातील ईस्ट शिकागो या पोलादी कारखान्यांच्या गावातले. त्यांच्या शाळेचा संघ १९७१मध्ये एकही सामना न हरता राज्यविजेता झाला होता. त्यांच्यासोबत अ‍ॅलन मर्फी होते आणि वेस्ली कॉक्स होते. या खेळाडूंनी कड्याच्या वर जाऊन काय केले असते याचे चित्रण कुठे नाही, कारण ते करणे गुन्हा होता. आणि ज्या गोष्टीचे चित्रण नाही तिला यादीत जागा देण्याची तयारी आजच्या वादकांची नसते. कोणी ग्रिफिथ यांच्या उभ्या उडीचा अठ्ठेचाळीस इंचांचा आकडा पुढे करतो, कोणी मोजपट्टी घेऊन हॅरेल यांच्या हातांची लांबी सांगतो, आणि उडी ही मोजता येते तेवढीच खरी असे गृहीत धरले जाते. हा आकड्यांचा हट्ट बंदीच्या काळातील खेळाडूंवर दुसऱ्यांदा अन्याय करतो, आणि तो पहिल्याहून अधिक बोचतो, कारण पहिला नियम करणाऱ्यांनी केला होता व दुसरा स्वतःच्याच माणसांकडून होतो.

याच नऊ वर्षांत त्याच शहरात डंक पूर्णपणे कायदेशीरही होता, ही बाब वादात क्वचितच निघते. अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एबीए, ही व्यावसायिक संघटना १९६७ ते १९७६ अशीच जगली, म्हणजे बंदीचे आणि तिचे आयुष्य जवळजवळ एकच. आणि तिचा केंटकी कर्नल्स हा संघ लुईव्हिलचा होता. १९७०नंतर हा संघ, विद्यापीठाचा संघ जिथे खेळे त्याच फ्रीडम हॉलमध्ये खेळू लागला. परिणामी एका संध्याकाळी त्या सभागृहात सात फूट दोन इंचांचे आर्टिस गिलमोर डंक करून दोन गुण मिळवीत आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याच कड्यात तेच केल्यास विद्यापीठाच्या खेळाडूला दंड झाला असता. सॅन डिएगोतील पराभवानंतर दोन महिन्यांच्या आत, मे १९७५मध्ये, कर्नल्सनी एबीएचे विजेतेपद जिंकले. जानेवारी १९७६मध्ये डेन्व्हरला झालेल्या पहिल्या डंक-स्पर्धेत ज्युलियस अर्व्हिंग जिंकले, पण स्पर्धकांत गिलमोर होते आणि थॉम्पसनही होते. त्याच वर्षी एबीए संपली, कर्नल्सच्या मालकांनी भरपाई घेऊन संघ बंद केला, आणि डंक विद्यापीठांना परत मिळाला.

ग्रिफिथ विद्यापीठात आले तेही १९७६च्या शरदातच. शहरातल्या मेल हायस्कूलमधला हा मुलगा बंदी उठण्याच्या नेमक्या मुहूर्तावर दारात उभा होता, आणि त्यानंतरच्या चार वर्षांत त्याच्या संघाला ‘डॉक्टर्स ऑफ डंक’ हे नाव मिळाले. २४ मार्च १९८० रोजी इंडियानापोलिसमध्ये यूसीएलएलाच ५९-५४ असे हरवून लुईव्हिलने पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. ग्रिफिथ यांचे गुण २३. सॅन डिएगोच्या वेळी विशीत असलेला चाहता आता पंचविशीत होता आणि पाच वर्षांचे ओझे उतरल्यासारखे त्याला वाटले असेल तर ते रास्तच होते. त्या संघातील वायली ब्राउन यांचा एक अंगठा कृत्रिम होता, आणि अंतिम सामन्याच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर विसरलेला तो अंगठा संघाच्या विद्यार्थी-मदतनिसांनी कचऱ्यातून शोधून आणला. हात उंच करून टाळी देण्याची जी पद्धत आज जगभर आहे ती याच ब्राउन आणि डेरेक स्मिथ यांच्यापासून १९७८-७९च्या हंगामात सुरू झाली असे लुईव्हिलमध्ये मानतात, जरी ऑक्टोबर १९७७मधील बेसबॉलच्या एका सामन्याचा दावाही तितकाच जोरदार आहे.

पुढच्या काळाबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ असले तरी वादाला त्याने फारसे काही दिले नाही. १९८३च्या उपांत्य सामन्यात ह्यूस्टन विद्यापीठाने लुईव्हिलला ९४-८१ असे हरवले आणि डंकच्या राजधानीचा मान काही काळ टेक्सासला गेला. १९८६मध्ये डलासला दुसरे विजेतेपद आले. २०१३च्या अटलांटातील अंतिम सामन्यात पेटन सिव्हा यांच्या उंच फेकीवर हॅरेल यांनी पहिल्या डावाच्या अखेरीस मारलेला डंक चाहते विसरत नाहीत. तो सामना मात्र आज अधिकृत नोंदींत नाही. खेळाडूंच्या भरतीतील गैरप्रकारांमुळे एनसीएएने १२३ विजय आणि ते विजेतेपद रद्दबातल ठरवले, म्हणजे सामने खेळले गेले पण लुईव्हिलच्या खात्यावरून पुसले गेले. हा निर्णय २० फेब्रुवारी २०१८ रोजी कायम झाला. त्याच्या तीनच दिवस आधी मिचेल यांनी व्यावसायिक लीगची डंक-स्पर्धा जिंकली होती, तीही ग्रिफिथ यांचा यूटा जॅझमधला जुना गणवेश अंगात घालून केलेल्या उडीसह. पुसलेल्या सामन्यातील हॅरेल यांचा डंक चाहते यादीत निःशंकपणे धरतात, आणि ते योग्यच आहे. मग नोंदवहीच्या पलीकडे जाण्याची हीच उदारता १९६७ ते १९७६च्या खेळाडूंच्या वाट्याला का येऊ नये, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळत नाही.

ब्रिजमन यांच्या मृत्यूनंतर जे लिहिले गेले त्यात स्वाभाविकपणे त्यांच्या उद्योगाचा भाग मोठा होता: शेकडो उपाहारगृहे, शीतपेयांचा बाटलीबंद व्यवसाय, एका जुन्या कृष्णवर्णीय मासिकाची खरेदी, मिलवॉकी बक्स या व्यावसायिक संघातील मालकी. या संघाशी त्यांचे नाते सुरू झाले ते १९७५च्या जूनमधील एका अदलाबदलीने. लॉस एंजेलिस लेकर्सनी त्यांना नुकतेच निवडले होते आणि लगेच इतर तिघांसह मिलवॉकीला देऊन टाकले. बदल्यात मिलवॉकीने मुख्यतः जो खेळाडू दिला तो करीम अब्दुल-जब्बार, म्हणजेच ल्यू अल्सिंडर. अल्सिंडर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाखाली ज्यांचे सारे महाविद्यालयीन आयुष्य गेले, ते ब्रिजमन व्यावसायिक खेळात दाखल झाले ते अल्सिंडर यांच्याच मोबदल्यात. मिलवॉकीने १९८८मध्ये त्यांचा दोन क्रमांक कायमचा राखून ठेवला.

वेस्ली कॉक्स यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे आणि लुईव्हिलच्या वादात त्याला खरे तर सर्वांत जास्त वेळ मिळायला हवा. तेही मेल हायस्कूलचेच. १९७३ ते १९७७ ही त्यांची चार वर्षे, त्यांपैकी तीन बंदीची आणि शेवटचे एक परवानगीचे. त्या एका हंगामात ते आणि प्रथम वर्षाचे ग्रिफिथ एकाच शाळेतून आलेले दोघे एकाच मैदानावर होते. बंदी सामन्यांना होती, सरावाला नव्हती, त्यामुळे बंद दाराआडच्या त्या तीन वर्षांचे साक्षीदार फक्त सहकारी आणि प्रशिक्षक होते. डेनी क्रम मे २०२३मध्ये गेले, ब्रिजमन मार्च २०२५मध्ये. कॉक्स यांना ग्रिफिथ यांच्या खाली किती क्रमांकावर ठेवायचे हे ठरवण्यापूर्वी त्या सरावांत जे जे हजर होते त्यांतील हयात माणसांना एकेक करून विचारणे हे वादकांचे पहिले काम आहे, आणि ते याच वर्षी करण्याचे आहे.